बोळक्यांतली गावे

आदरणीय श्री. दिनकरराव शाहपूरकर यांच्या षष्ट्यब्दिपूर्तीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या संशोधनाविषयी अधिकाराने लिहिणारी विद्वान मंडळी पुष्कळ आहेत. संपादकांनी मला फक्त आठवणी लिहायला सांगितल्या, ते एका परीने बरेच झाले. दादासाहेबांनी (आम्ही सारे त्यांना याच नावाने ओळखतो) बऱ्हाणपूरच्या आसपासच्या गावोगावच्या मातीतून वेचून जमवलेला जंतूंचा जिवंत संग्रह, म्हणजे त्यांच्या नोकरीतल्या सगळ्या वर्षांची कमाई, एका दसऱ्याला हातचा जाण्याच्या बेतात आला होता. ती हकीकत कोणत्याही अहवालात सापडणार नाही. त्या वेळी मी त्यांचा मदतनीस होतो, आणि माईंची, म्हणजे सौ. शाहपूरकरांची, परवानगी घेऊनच ती इथे लिहितो आहे.

दादासाहेबांची पहिली भेट झाली ती दापोऱ्याच्या शिवारात. शेतकी कॉलेजची पदवी घेऊन मी नुकताच बऱ्हाणपूरला रुजू झालो होतो. वेशीबाहेरच्या त्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत गेलो तर शिपाई म्हणाला, "साहेब दापोऱ्याला गेले हैत, शेतात." टांगा करून तिथे पोहोचलो. धोतर वर खोचून एक गृहस्थ तुरीच्या झाडाभोवती खुरप्याने माती उकरत बसले होते. हेच आमचे साहेब हे कळल्यावर आपला उत्साह दाखवावा म्हणून मी शेजारचे तुरीचे रोप धरले आणि हिसका देऊन उपटले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, त्या रोपाकडे पाहिले.

"काय मिळालं?" त्यांनी विचारले.

"तूर."

"तूर बाजारातही मिळते. आपल्याला जे हवं होतं ते खाली राहिलं. बूट काढा आणि बसा."

बूट काढून बसलो. झाड ढेकळासकट निघायला बराच वेळ लागला. मग त्यांनी ते ढेकूळ बादलीतल्या पाण्यात सोडले आणि माती आपोआप विरघळू दिली. बारीक मुळ्यांवर गाठी दिसू लागल्या, काही मोहरीएवढ्या, काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या. पुस्तकात मी त्यांची चित्रे पाहिली होती. दादासाहेबांनी एक गाठ नखाने चिरली, ती आतून लाल निघाली. तिच्या शेजारची चिरली, ती पांढरी निघाली.

"हे लाल आहेत ते कामाचे," ते म्हणाले. "हवेतला नत्र धरतात आणि तुरीला देतात. हे पांढरे नुसते बसून खातात. दोघेही एकाच मुळीवर, शेजारी शेजारी. आता तुरीचा जंतू म्हणजे एकच एक जंतू, असं तुमच्या पुस्तकवाल्यांनी कसं लिहिलं?"

पुस्तक जणू मीच लिहिले होते अशा सुरात त्यांनी हा प्रश्न मला विचारला. त्याचे उत्तर शोधण्यातच माझी पुढची सगळी वर्षे गेली आहेत.

त्यांचे म्हणणे साधे होते. तूर, हरभरा, उडीद, चवळी या शेंगा येणाऱ्या पिकांच्या मुळांवर गाठी करून जे जंतू राहतात, त्यांच्यातही माणसांसारखीच नाना कुळे असतात. गावागणिक ती वेगळी, एकाच शेताच्या दोन टोकांना वेगळी, आणि पुष्कळदा एकाच झाडावर सुद्धा वेगळी. कुणी जोमदार, कुणी मंद; कुणाचे काळ्या मातीत जमते, कुणाचे बरडात. म्हणून ते गावोगावच्या गाठी आणत, त्यांतले जंतू काचेच्या नळीत आगर नावाच्या खळीसारख्या पदार्थावर वाढवत, आणि प्रत्येकाची परीक्षा घेत. ही परीक्षा निर्जंतुक वाळूत रोप लावून घ्यावी लागे. आमच्याकडे वाळू भाजायची भट्टी नव्हती. दादासाहेबांनी लोधीपुऱ्यातल्या, म्हणजे त्यांच्या मोहल्ल्यातल्या, भडभुंज्याला गाठले. तो बिचारा दुपारी गिऱ्हाईक नसताना चण्या-फुटाण्यांच्या कढईत तापीची वाळू भाजून देई आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "साहब की वाळू आहे, खायची नाही."

जंतूंविषयी दादासाहेब नेहमी आदरार्थी बोलत. "हे दापोऱ्याचे, जरा संथ आहेत, पण दगा द्यायचे नाहीत." "हे आपले डोईफोडियाचे, आल्या आल्या गर्दी करतात, काम शून्य." बाहेरचा कुणी ऐकता तर गावच्या सोयऱ्यांची उणीदुणी चालली आहेत असे त्याला वाटले असते. मला हिवताप झाला होता तेव्हा ते रोज संध्याकाळी माईंनी केलेले मुगाचे कढण घेऊन येत, उशाशी बसत, आणि कोणत्या नळीत आज कोण कसे वाढले याच्या बातम्या देत. औषधाने गुण आला की त्या बातम्यांनी, हे मला अजून सांगता येत नाही. परगावात नवीन असलेल्या माणसाला तेव्हा किती आधार वाटला ते मात्र पक्के सांगता येते.

गाठी हा रोग आहे असे तेव्हा पुष्कळ शेतकऱ्यांना वाटे, कारण वांग्याच्या मुळांना खरोखरच रोगाच्या गाठी येतात. दादासाहेबांनी कोणाला व्याख्यान दिले नाही. नखाने गाठ चिरायला तेवढे शिकवले. मग बाजाराच्या दिवशी लोक पागोट्याच्या पदरात मुळ्या बांधून आणू लागले आणि भर रस्त्यात त्यांना अडवून विचारू लागले, "साहेब, बघा बरं, हे लाल की धवळे?" अशा वेळी दादासाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा होई.

डोईफोडियाचे सुपडू पाटील असेच एकदा आले. जंगलाच्या कडेला नवी जमीन त्यांनी कसायला घेतली होती. "साहेब, चना निघतो तर चांगला," ते म्हणाले, "मंग महिनाभरात पिवळा पडून जातो. बिमारी काय हाये ते मालूमच पडत नाही." वरिष्ठांकडून आम्हाला हरभऱ्याच्या जंतूंचा एक नावाजलेला वाण आला होता. सगळीकडे तोच वापरावा असे त्यांचे मत होते. तो सुपडूंच्या बियाण्याला चोळला. गाठी भरपूर आल्या, सगळ्या पांढऱ्या. दुसऱ्या वर्षी दादासाहेबांनी आपल्या संग्रहातले एकेक वाण तिथे वेगवेगळ्या ओळींत लावून पाहिले. जमला तो दापोऱ्याचा, नळीत इतका मंद वाढणारा की मी तो कधीच टाकून दिला असता. त्या ओळीचा हरभरा काळसर हिरवा उभा राहिला. दादासाहेबांनी वर लिहून कळवले की सर्वांत चांगला वाण कोणता, हा प्रश्न कोणत्या शेतासाठी हे विचारल्याशिवाय सुटत नाही, म्हणून सगळेच सांभाळले पाहिजेत. वरून उत्तर आले की एकच ठेवावा, बाकीच्यांवर खर्च नको. यावर त्यांनी पुन्हा लिहिले नाही, पण एकही नळी टाकली नाही.

मग लढाई पेटली आणि आगर मिळेनासे झाले. आगर समुद्रातल्या शेवाळापासून करतात, आणि ते जपानकडून येत असे. शिल्लक होते ते सहा महिनेही पुरणारे नव्हते. दर थोड्या दिवसांनी नव्या आगरावर घातल्याशिवाय नळीतले जंतू टिकत नाहीत. दादासाहेब तेव्हा पेन्शनीत निघायच्या अगदी तोंडावर होते, जेमतेम एक हिवाळा हाती होता. संग्रह नीटनेटका लावून, प्रत्येकाचा गुणदोष लिहून मागे ठेवायचा, म्हणजे पुढे कोणी तो फेकू धजणार नाही, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

त्यांनी कुंभाराकडून संक्रांतीला वापरतात तशी बोळकी आणवली. ज्या गावचा जंतू त्या गावची माती भडभुंज्याच्या कढईत भाजून घ्यायची, थोडी ओलवायची, तीत जंतू सोडायचे, फडके बांधायचे आणि वर चुन्याने गावाचे नाव घालायचे. अशा मातीत ते वर्षानुवर्षे झोपून राहतात. प्रयोगशाळेचे छप्पर पत्र्याचे, आत भट्टीसारखे तापे. म्हणून बोळकी लोधीपुऱ्यातल्या घरी, देवघराच्या लगतच्या थंड खोलीत फळ्यांवर मांडली. सगळा तापीकाठ तिथे ओळीने बसला होता. नळ्या एकेक करून सुकत गेल्या आणि संग्रह म्हणून ती बोळकीच काय ती उरली.

त्या वर्षी घटस्थापनेच्या वेळी आम्ही दोघे दौऱ्यावर होतो. शाहपूरकरांकडे घटाला शेतातली माती लागते. त्यांचे स्वतःचे शेत नाही, म्हणून दरवर्षी ती माईंच्या माहेराहून, दापोऱ्याहून येई. यंदा पावसाने वाट मोडली आणि माती आली नाही. माईंनी काय केले असेल ते वाचकांच्या ध्यानात आले असेलच.

दसऱ्यानंतर आम्ही परतलो. सुपडू पाटील बैलगाडी घेऊन आलेले होते. त्यांच्या शेजाऱ्यांनाही दापोऱ्याचा तो वाण हवा होता आणि हरभऱ्याची पेरणी तोंडावर होती. दादासाहेबांनी दापोऱ्याचे बोळके उतरवून फडके सोडले. आतल्या मातीत गव्हाची पिवळी मुळी होती.

"हे काय?"

माई कौतुकाने सांगू लागल्या. "यंदा घटाला माती आली नाही ना. म्हटलं, घरात एवढी गावं आहेत. सगळ्या बोळक्यांतून मूठमूठ घेतली. एकट्या दापोऱ्याची घेतली असती तर माहेराचं कौतुक करते म्हणाले असते लोक. आणि दसऱ्याला घट उठवल्यावर ज्याची त्याला परत केली. देवीची माती, वाया कशी घालवायची?"

घटाची माती ज्या शेतातून आणली त्या शेतात परत नेऊन टाकायची, ही आमच्याकडची रीत आहे. माईंनी ती बिनचूक पाळली होती. नऊ दिवस एकत्र भिजलेली सगळ्या गावांची माती आता प्रत्येक बोळक्यात होती.

"सगळ्यांत टाकलीस?" दादासाहेबांनी विचारले.

"सगळ्यांत. कोणाला कमी नाही."

दादासाहेबांनी फडके पुन्हा बांधले. "चहा टाक, सुपडूभाऊ आले आहेत," एवढे म्हणून ते ओट्यावर जाऊन बसले. मला संताप आला होता, हे मी लपवत नाही. मी त्यांच्या मागे गेलो आणि म्हणालो की माईंना यातले काही सांगू नये, उगाच जिवाला लावून घेतील. बोळक्यांना ओल लागली असे सांगून टाकू.

"नाही," ते म्हणाले. "न सांगणं म्हणजे तिला यातलं काही कळायचं नाही असं धरून चालणं. इतकी वर्षं या घरात माझ्याइतकीच ती या जंतूंबरोबर राहिली आहे. मीच सांगतो."

त्यांनी माईंजवळ बसून सगळे सांगितले, आवाज न चढवता आणि काही न वगळता. जंतू मेलेले नाहीत, पण कोण कुठले ते आता ओळखता यायचे नाही. शेतांत ते अजून आहेत. पण पुन्हा आणायचे, निवडायचे, पारखायचे म्हणजे पहिल्यापासून सुरुवात, आणि हाती एकच हिवाळा. तूर उभी होती, तिच्या गाठी लगेच खणून आणता येत होत्या. हरभऱ्यासाठी मात्र शेताशेतांतली माती आताच हवी होती. तीत हरभरा लावून गाठी धरता आल्या तरच थंडी संपेपर्यंत पारख होणार होती. माई ऐकत राहिल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी आणि शिपाई माती आणायला निघालो आणि हात हलवत परत आलो. "साहेब, बाकी काही बी मांगा," एकजात सगळे म्हणाले. "दिवाळीच्या तोंडावर शेताची माती कोणी देत नाही. लक्ष्मी चालली जाते." ज्यांनी दादासाहेबांना जेवायला वाढले असते, त्यांनीही मातीला हात लावू दिला नाही. मी हे सांगितले तेव्हा दादासाहेब भिंतीला टेकून खाली बसले. त्यांना इतके थकलेले मी त्यापूर्वी पाहिले नव्हते आणि नंतरही नाही.

माई आतून बाहेर आल्या. "सुपडूभाऊंची गाडी आहे ना अजून?" त्या म्हणाल्या. "दापोऱ्याला जायचं."

दापोऱ्याला भावाच्या घरी भावजय रीतीप्रमाणे ओटी भरायला तांदूळ-नारळ घेऊन आली. माई म्हणाल्या, "यंदा ओटीत तुमच्या शेतातली मूठभर माती घाला. माझ्या हातून यांचं काम बिघडलं आहे, ते सावरायला नेते." सगळ्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. भावजयीने नवऱ्याकडे पाहिले, नवऱ्याने आढ्याकडे. मग माईंची थोरली चुलती, जी कोपऱ्यात शेंगा निवडत होती, म्हणाली, "लेकीच्या ओटीत गेलं ते काय बाहेर गेलं का? टाक बाई."

पुढे जे झाले ते आठवले की मला अजून हसू येते आणि डोळेही भरून येतात. माती ओटीत थेट पडली तर पुन्हा सगळी एक होणार, म्हणून दादासाहेब केळीच्या खोडाची उकळलेली सोपटे आणि गरम पाण्याची किटली घेऊन माईंच्या मागे मागे फिरत होते. माती देणाऱ्या प्रत्येकीचे हात आधी धुववत, मग सोपटात मूठ बांधून घेत, आणि ते पुडके माईंच्या पदरात ठेवत. बायका आपसात म्हणाल्या, "साहेब लई सोवळ्याचे दिसतात." दादासाहेबांनी ते नाकारले नाही.

बातमी आमच्या गाडीच्या पुढे धावली. पुढच्या गावांत माई लेक नव्हत्या, पण दापोऱ्याने लेकीची ओटी मातीने भरली हे तिथे कळलेले होते, आणि ज्या पुरुषांनी मला परत पाठवले होते त्यांच्या घरांतून बायका हात धुऊनच बाहेर येत होत्या. डोईफोडियाला सुपडूंच्या घरच्यांनी त्या हिरव्या हरभऱ्याच्या शेतातली माती दिली आणि तीच बियाण्याला चोळून त्यांच्या शेजाऱ्यांचे काम तिथल्या तिथेच भागले. परतताना माई गाडीत दोन्ही हातांनी पदर सावरून बसल्या होत्या आणि दादासाहेब हातातल्या कंदिलाकडे लक्ष नसल्यासारखे त्यांच्याकडे पाहत होते.

तो हिवाळा आम्ही कसा काढला ते आमचे आम्हाला ठाऊक. भडभुंज्याने वाळू भाजण्यापुढे चणे भाजणे सोडले होते. दादासाहेबांनी खुर्ची सोडली तेव्हा संग्रह पुन्हा उभा होता, दोन प्रतींत. एक प्रयोगशाळेत, एक घरी. जुने सगळे मिळाले असे नाही. काही गावचे वाण पुन्हा हाती लागलेच नाहीत, आणि फिरायला गेलो की दादासाहेब अजून त्यांची नावे घेतात, गेलेल्या आप्तांची घ्यावीत तशी. पण जे पूर्वी कधी सापडले नव्हते असे कितीतरी नवे त्या मातीत निघाले. एकच ठेवा म्हणणाऱ्या वरिष्ठांनी पुढे स्वतः येऊन तो संग्रह पाहिला आणि तसाच ठेवण्याची परवानगी दिली. आज तो माझ्या ताब्यात आहे आणि दुसऱ्या कशाहीपेक्षा मी त्याला जपतो.

त्यानंतरच्या नवरात्रात मी सहज त्यांच्याकडे गेलो होतो. माईंनी त्या खोलीचे दार ओढून घेतले होते आणि घटासाठी बाजारातून कुंभाराकडची चाळलेली माती आणवली होती. ती परातीत पडून होती. माई तिच्याकडे पाहत होत्या, पण हात लावत नव्हत्या. दादासाहेब उठले, आत गेले, आणि किटलीच्या पाण्याने हात धुऊन एकेक बोळके घेऊन आले. प्रत्येकातली मूठभर माती त्यांनी स्वतः काढली आणि दर वेळी हात नव्याने धुऊन पुढच्याला हात घातला. सगळी गावे परातीत एकत्र झाली.

"अहो, पुन्हा?" माई म्हणाल्या.

"ज्यांनी तुझी ओटी भरली त्यांना घटात जागा नको?" दादासाहेब म्हणाले. "दसऱ्याला मात्र परसात टाकू. तिथं हरभरा, तूर, उडीद सगळं पेरतो. या गर्दीतून ज्याचं त्याला कोण सापडतं ते मला बघायचंच आहे."

माईंनी पदर खोचला आणि ती माती कालवायला घेतली.

तेव्हापासून दरवर्षी हे असेच चालते. दादासाहेबांना साठावे वर्ष पूर्ण झाले. गुडघे कुरकुरतात, खाली बसायला आता पाट लागतो, पण बोळक्यांना दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही. त्यांच्या प्रकृतीला आराम पडो, आणि पुढच्या कितीतरी घटस्थापनांना गावोगावची माती मूठमूठ काढून देणारा हात त्यांचाच असो व ती घेणारा हात माईंचाच असो, एवढेच आम्ही सर्व शिष्य मनापासून मागतो.